कासच्या पठारावर भिंग घेऊन

आपल्याकडे प्रवास म्हटला म्हणजे कांहीं तरी मोठें पाहावयाचें, असा अर्थ सहसा गृहीत धरला जातो. गड पाहावा तो ढगांत शिरलेला, धबधबा पाहावा तो कानठळ्या बसविणारा, देऊळ पाहावें तर ज्याच्या कळसाकडे पाहतांना डोक्यावरील टोपी मागें पडावी असें! घरीं परतल्यावर ओटीवर बसून जी हकीकत सांगावयाची, तीहि उंचीची, खोलीची आणि लांबीचीच असते. लहान वस्तूच्या दर्शनासाठीं मुद्दाम वाट तुडविणारा मनुष्य विरळा. आणि असा कोणी गेलाच, तर परत आल्यावर 'तिकडे पाहिलेंत तरी काय?' या प्रश्नाचें उत्तर देतां देतां त्याची पुरेवाट होते. प्रस्तुत लेखांत अशाच एका प्रवासाची हकीकत वाचकांस सादर करावयाची आहे. जें पाहण्यासाठीं आम्ही गेलों होतों, त्यांतील बहुतेक फुलें हाताच्या बोटाच्या पेराहून मोठीं नव्हतीं.

स्थळ म्हणजे सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर असलेलें कासचें पठार. प्रवासी चौघे : मी, माझ्या वडील वहिनी, त्यांची कन्या म्हणजे माझी पुतणी, आणि माझा चौदा वर्षांचा धाकटा मुलगा. पुतणी एका महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकविते. तिच्या शास्त्रांतील जुनी चाल अशी कीं, रोप मुळासकट उपटावें, कागदांत दाबून वाळवावें, जाड पुठ्ठ्यावर शिवून ठेवावें व खालीं नांव लिहावें. विद्येला अशा संग्रहांवांचून गत्यंतर नव्हतें व अजूनहि तज्ज्ञांस त्यांची गरज लागते. परंतु दरवर्षीं प्रत्येक विद्यार्थ्यानें तेंच रोप पुन्हां उपटून आणावें यांत विद्या किती आणि नुकसान किती, हा प्रश्न तिला पडूं लागला. रक्षित क्षेत्रांत तर रोप तोडण्यास बंदीच आहे. तेव्हां विद्यार्थ्यांना दाखवितां येतील अशीं, प्रत्येक अवयव स्पष्ट दिसेल अशीं जवळून घेतलेलीं छायाचित्रें आपणच तयार करावींत, असें तिनें मनांत घेतलें. घरांतील मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें काढण्याचें काम गेलीं अनेक वर्षें माझ्याकडे असल्यामुळें ती मला म्हणाली, "काका, कॅमेऱ्याचें तुम्ही पाहा, फुलांचें मी सांगतें." भाद्रपदांत गौरी-गणपति आटोपले आणि त्यानंतरच्या आठवड्यांत आम्ही निघालों.

सातारा सोडल्यावर यवतेश्वराचा घाट लागतो. घाट चढून गेलें म्हणजे रस्ता डोंगराच्या माथ्यावरून जाऊं लागतो, आणि ढग विरळ असले तर एका बाजूस उरमोडी धरणाचें पाणी व त्यापलीकडे समर्थांचा सज्जनगड दिसतो. दुसऱ्या बाजूस कण्हेर धरणाचा जलाशय पसरलेला असतो. समुद्रसपाटीपासून सुमारें १२०० मीटर उंचीवर हा माथा एकाएकीं रुंदावतो आणि समोर झाड नसलेलें, मोकळें, ओलें मैदान उघडतें. पुढें गेल्यास सातारा शहरास पाणी पुरविणारा कास तलाव, आणि त्याहीपलीकडे कोयनेच्या जलाशयाकांठचें बामणोली. इ. स. २०१२ सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटांतील ज्या ३९ स्थळांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत महाराष्ट्रांतील चार स्थळें आहेत; कास हें त्यांपैकीं एक होय.

प्रथमदर्शनीं मात्र पाहणाऱ्याची निराशाच होण्याचा संभव अधिक. माथ्यावर सगळा जांभा दगड. कोंकणांतील वाचकांस जांभ्याची ओळख करून द्यावयास नको. त्यांच्या घरांच्या भिंती त्याच्याच चिऱ्यांच्या असतात. काळ्या कातळावर लक्षावधि वर्षें ऊन-पाऊस लागून त्यांतील विरघळणारीं द्रव्यें वाहून गेलीं, आणि मागें लोह व ॲल्युमिनियम यांनीं युक्त असा तांबडा, सच्छिद्र थर राहिला, तोच हा जांभा. त्याच्यावर मातीचा थर इतका पातळ कीं पुष्कळ ठिकाणीं तो चार बोटांहून अधिक भरणार नाहीं. झाडानें मूळ धरावें तरी कोठें? पावसाळ्यांत हें सारें पठार भिजून चिंब होतें आणि पावसाळा सरतांच कोरडें ठणठणीत पडतें. अशा ठिकाणीं जगावयाचें तर एकच युक्ति उरते. पाऊस पडतांच उगवावें, घाईघाईनें फुलावें, बी टाकावें आणि पाऊस गेला कीं स्वतःहि नाहींसें व्हावें. येथील असंख्य वनस्पति नेमकें हेंच करितात. ८५० हून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद या पठारावर व आसपास झाली असल्याचें सांगतात, तें या दगडाचेंच वैभव म्हणावें लागेल.

माती निकस, म्हणून अन्न मिळविण्याच्या तऱ्हाहि विलक्षण. गवतांत दवबिंदू नांवाची इवलीशी वनस्पति असते. तिच्या पानांवरील केसांच्या टोकांशीं चकाकणारे चिकट थेंब असतात. दंव समजून त्यांवर बसलेला चिलटासारखा किडा तेथेंच चिकटतो आणि त्याच्या देहांतील नत्र हें रोप शोषून घेतें. तिची शेजारीण 'सीतेचीं आसवें'. निळसर जांभळीं नाजूक फुलें, नांव ऐकून कोणाच्याहि मनांत करुणा उत्पन्न व्हावी. पण हीदेखील मांसाहारीच! ओल्या मातींत तिचे टांचणीच्या डोक्याएवढे किंवा त्याहून लहान फुगे असतात. सूक्ष्म जीवाचा स्पर्श होतांच फुग्याचें दार उघडतें, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आंत पाण्यासकट तो जीव आंत ओढला जातो. पुतणीनें हें सांगतांच वहिनी म्हणाल्या, "सीतामाईच्या नांवावर हें काय बाई!" आणि आम्ही सर्वच हंसलों.

आतां छायाचित्रणाकडे वळूं. लग्नमंडपांतील छायाचित्रण आणि फुलांचें जवळून छायाचित्रण या दोहोंचें यंत्र एकच असलें तरी शास्त्र निराळें आहे, ही गोष्ट पहिल्या अर्ध्या तासांतच ध्यानांत येते. मंडपांत माणसांस 'हलूं नका' म्हणतां येतें. फुलास तें सांगतां येत नाहीं. डोळ्यांना जेथें वारा असल्याचें जाणवतहि नाहीं, तेथें भिंगांतून पाहतांना फूल झोंपाळ्यावर बसल्यासारखें हेलकावे घेत असतें. कारण उघड आहे. वस्तु जितकी मोठी करून दाखवावी, तितकी तिची हालचालहि मोठी होऊन दिसते. याला उपाय दोनच. एक म्हणजे सकाळीं लौकर, वारा सुटण्यापूर्वीं काम सुरू करणें. आणि दुसरा म्हणजे वाट पाहणें. दोन झुळकांच्या मध्यें क्षणभर वारा श्वास घेतो. त्या क्षणासाठीं बोट कळीवर ठेवून बसून राहावें लागतें. संध्येच्या वेळीं प्राणायामास न साधणारी स्थिरता येथें आपोआप साधते, असें गमतीनें म्हणावयास हरकत नाहीं!

दुसरी अडचण खोलीची. ज्या भिंगास मॅक्रो म्हणतात, त्यानें फुलाची प्रतिमा फुलाएवढीच, म्हणजे एकास एक, उमटवितां येते. पूर्ण आकाराच्या संवेदकाची लांबी-रुंदी ३६ व २४ मिलिमीटर असते. म्हणजे तेवढीच जागा संपूर्ण चित्र व्यापते. परंतु अशा वेळीं पुढून मागें किती भाग स्पष्ट येतो? भिंगाचें छिद्र आठ आंकड्यावर ठेविलें तर जेमतेम एक मिलिमीटर, आणि सोळा आंकड्यावर ठेविलें तर सुमारें दोन! सीतेच्या आसवाची पुढची पाकळी स्पष्ट आली कीं मागील शेंडी धुक्यांत जाते. शेंडी धरावी तर पाकळी जाते. छिद्र याहून लहान करीत गेल्यास स्पष्टतेची खोली वाढते खरी, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळें सगळेंच चित्र किंचित् मऊ पडतें. शिवाय एकास एक प्रमाणांत नेहमीच्या चौपट प्रकाश लागतो. म्हणून शटर अधिक वेळ उघडें राहतें, आणि तोंच वारा येतो. एक सांधावें तर दुसरें फाटावें अशांतला हा प्रकार!

यांतून निघण्याचा मार्ग पुतणीच्या शास्त्रानेंच दाखविला. ती म्हणाली, "काका, सगळें फूल एका चित्रांत यावें असा हट्टच कां? या फुलाची ओळख कोठें आहे तें आधीं ठरवूं, आणि कॅमेरा त्या भागाशीं समांतर धरूं." ही युक्ति वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. फुलाची जी बाजू दाखवावयाची, ती आणि कॅमेऱ्याची पाठ एकमेकींस समांतर असल्या, म्हणजे एक मिलिमीटराची खोलीहि पुरते. पण त्यासाठीं कोणती बाजू महत्त्वाची हें आधीं माहीत असावें लागतें. रानतेरड्याची ओळख त्याच्या मागील शेंडीवरून पटते, म्हणून तो बाजूनें घ्यावयाचा. कवल्याच्या पिवळ्या फुलावरील दोन तांबडे ठिपके समोरूनच दिसतात, म्हणून तें फूल समोरून घ्यावयाचें. मुलें त्याला 'मिकी माउस' म्हणतात, आणि एकदां तें नांव ऐकलें कीं दुसरें कांहीं दिसेनासें होतें! या कवल्याच्या कुळांतील एका जातीस पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेचे संस्थापक-संचालक, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचें नांव दिलेलें आहे. शास्त्रीय नांवांच्या लॅटिन अरण्यांत आपल्यांतील एका विद्वानाचें नांव भेटलें म्हणजे बरें वाटतें.

प्रत्येक जातीचीं चार चित्रें घ्यावयाचीं, असा तिनें नियम केला : एक संपूर्ण रोपाचें, एक पानांच्या मांडणीचें, एक फुलाचें समोरून आणि एक बाजूनें. एका चित्रांत लांबीचा अंदाज येण्यासाठीं शेजारीं मोजपट्टी धरावयाची. माझ्या मनांतील सौंदर्याच्या कल्पनेस ही मोजपट्टी प्रथम फार खटकली. परंतु दोन-तीन तासांनीं असें दिसून आलें कीं, नियमानें काढलेल्या चित्रांतच नवे चमत्कार अधिक सांपडत होते. दुरून पांढऱ्या गुंड्यांसारखे दिसणारे गेंद पाहा. सारें पठार त्यांनीं दहीभात सांडल्यासारखें पांढरें दिसतें. बाजूनें, अगदीं जवळून पाहिल्यावर कळतें कीं, ती एक गुंडी म्हणजे एक फूल नव्हेच. तें अनेक बारीक फुलांचें एकत्र कुटुंब आहे, आणि प्रत्येकाचा संसार स्वतंत्र आहे. सोनकीच्या पिवळ्या फुलाचीहि तीच गोष्ट.

प्रकाशाविषयींहि एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लख्ख ऊन पडलें म्हणजे चित्र चांगलें येईल, अशी सर्वसाधारण समजूत असते. फुलांच्या बाबतींत बहुधा उलट घडतें. कडक उन्हांत गेंदाचा नुसता पांढरा डाग उमटतो, आणि जांभळ्या रंगाची नाजूक छटा मरते. ढगाळ आकाश हें फुलांचें खरें छायाचित्रगृह होय. दहाच्या सुमारास ऊन आलें, तेव्हां वहिनींनीं पिशवींतून माझा धुतलेला पांढरा पंचा काढला व तो फुलावर छतासारखा ताणून धरला. त्याखालचा प्रकाश इतका सौम्य व सर्वत्र सारखा पडला कीं, दुकानांत मिळणाऱ्या महागड्या पडद्यांनीं याहून अधिक काय केलें असतें, कोण जाणे! उलट बाजूस सांवली फार गडद वाटली, तर मुलानें वहीचा पांढरा कागद धरून तिकडे उजेड परतविला. अशा रीतीनें घरांतील लहानथोर सर्वांस या विद्येंत काम आहे.

तेरड्यापाशीं वहिनी बराच वेळ थांबल्या. त्यांचें माहेर कोंकणांतलें. तेथें तेरड्याचीं रोपें आणून त्यांचीच गौर बसवितात. त्यांनीं विचारलें, "आमची गौर ती हीच का ग?" पुतणीनें सांगितलें कीं, ही तिची चुलत बहीण म्हणावी, कूळ एक, जात निराळी. नंतर तिनें एक पिकत आलेली बोंडी आम्हांस दाखविली. या बोंडीस पुरती पिकल्यावर जरासा धक्का लागला, तरी ती तडकून आंतलें बी दूर फेंकते. वहिनी म्हणाल्या, "तेरड्याचा रंग तीन दिवस असें आपण नांवें ठेवतों; पण तिला काय, रंगाचें काम तीन दिवसांचेंच. खरें काम या बोंडींत आहे." त्यांचें हें वाक्य दुपारीं फार निराळ्या अर्थानें आठवावयाचें होतें.

पठारावर हिंडण्यासाठीं वाटा आंखून दिलेल्या आहेत. वनखातें आणि आसपासच्या गांवांतील मंडळी मिळून येथील देखरेख करितात. फुलांच्या दिवसांत प्रवेशास शुल्क असून येणाऱ्यांच्या संख्येसहि मर्यादा असते. दुपारीं एका वळणावर आम्हीं पाहिलें तों एक गृहस्थ वाटेपासून आठ-दहा पावलें आंत गुडघे टेंकून बसलेले. त्यांचें सामान उत्तम होतें व चिकाटीहि वाखाणण्यासारखी होती. सीतेच्या आसवांच्या एका सुरेख झुपक्यापुढें त्यांनीं ट्रायपॉड लाविला होता, आणि चित्राच्या आड येणारे गेंदाचे देंठ ते एकेक करून खुडून टाकीत होते. पुतणीनें वाटेवरूनच नम्रपणें त्यांस हटकलें. ते हंसून म्हणाले, "ताई, गवतच तर आहे हें. पुढल्या वर्षीं पुन्हां येईल."

"कशावरून येईल?" तिनें विचारलें. "हीं बहुतेक रोपें एका पावसाचीं आहेत. मुळाशीं कंद नाहीं, खोड उरत नाहीं. या फुलाचें बी तयार होऊन मातींत पडलें, तरच पुढल्या वर्षीं रोप येणार. बी धरण्यापूर्वींच आपण त्यावर बसलों, तर येथें येणार तें कोठून?"

गृहस्थ सभ्य होते. क्षणभर त्यांनीं आपल्या गुडघ्यांखालीं पाहिलें, आणि मुकाट्यानें सामान आवरून वाटेवर आले. त्यांनीं पुतणीला विचारलें, "मग आम्हीं चित्रें काढावींत तरी कशीं?" हा प्रश्न रागाचा नव्हता. तिनें आमचीं सकाळचीं चित्रें दाखविलीं. तीं सर्व वाटेच्या कडेशीं असलेल्या फुलांचीं होतीं. कॅमेरा जमिनीलगत ठेवून, त्याचा पडदा वर वळवून, वाटेवरच बसून काढलेलीं. १०० मिलिमीटरचें मॅक्रो भिंग असल्यास भिंगाचें तोंड फुलापासून वीतभराहून थोड्या कमी अंतरावर ठेवूनहि एकास एक चित्र मिळतें. लहान नाभ्यंतराचें भिंग असेल तर तें फुलाला जवळजवळ टेंकवावें लागतें, आणि फुलावर आपलीच सांवली पडते. आड येणारें गवत खुडण्याऐवजीं काडीनें हळूच बाजूला धरावें व नंतर सोडून द्यावें. ते गृहस्थ पुढें बराच वेळ आमच्याबरोबर होते. जेथें ते गुडघे टेंकून बसले होते, तेथें दोन वाटोळे खळगे उरले होते. माझा मुलगा त्यांकडे वळून वळून पाहत होता.

खरी परीक्षा मात्र आमचीच व्हावयाची होती. तिसऱ्या प्रहरीं धुकें उतरूं लागलें आणि प्रकाश अगदीं मनासारखा झाला. तेवढ्यांत मुलाच्या तीक्ष्ण दृष्टीस वाटेपासून दहा-बारा हातांवर, एका खडकाच्या कपारीपाशीं, कांहीं निराळें दिसलें. पुतणीनें दुर्बीण लावून पाहिलें व ती एकदम स्तब्ध झाली. कंदीलपुष्प! या कुळांतील कित्येक जाति केवळ सह्याद्रींतच, आणि तेथेंहि थोड्याच ठिकाणीं आढळतात. कांहींचे कंद गुराखी व धनगर खणून खात; खरपुडी हें नांव त्यांवरूनच ओळखीचें आहे. फुलाची रचना म्हणजे एक कंदीलच. तळाशीं फुगीर, वर नळी, आणि माथ्यावर पाकळ्यांचीं टोंकें एकत्र जुळलेलीं. बारीक माशी आंत शिरते, नळींतील खालीं वळलेल्या केसांमुळें तिला परत फिरतां येत नाहीं. फूल कोमेजूं लागलें कीं केस मऊ पडतात आणि परागाचें ओझें घेऊन ती कैदी सुटते. हें फूल तीन वर्षें पुतणी शोधीत होती. विद्यार्थ्यांना दाखविण्याच्या तिच्या चित्रमालिकेंत त्याची जागा तिनें मोकळी ठेविली होती.

मीं कॅमेऱ्याकडे पाहिलें. प्रकाश होता, वारा नव्हता, अंतर दहा-बारा हात. आमच्या भिंगानें इतक्या अंतरावरून त्या फुलाचा केवळ एक ठिपका आला असता. कोणी पाहणारेंहि तेथें नव्हतें. मुलगा बूट काढूं लागला. तो म्हणाला, "ताई, मी हलका आहे. मी अनवाणी जातों आणि चित्र घेऊन येतों."

तिनें मधल्या जमिनीकडे बोट दाखविलें. सगळी जागा सीतेच्या आसवांनीं आणि दवबिंदूंनीं भरलेली होती. ती म्हणाली, "तूं हलका आहेस रे. पण तुझ्या पावलांची वाट पाहून जो पाठीमागून येईल, तो हलका नसेल. आणि त्याला वाटेल, येथून जावयाचेंच असतें." मग तिनें दुर्बीण त्याच्या हातांत दिली. दुर्बीण दोन मुठींनीं घट्ट धरून, वाटेवर पालथें पडून त्यानें तें फूल पंधरा-वीस मिनिटें पाहिलें, आणि वहींत पेन्सिलीनें त्याची आकृति काढली. वहिनी त्याच्याशेजारीं बसून तो काय सांगतो तें ऐकत होत्या. नळी किती लांब, पाकळ्या कोठें जुळतात, पान कसें आहे. एकेक गोष्ट तो नीट पाहून बोलत होता. तेवढ्यांत धुकें दाटलें आणि फूल दिसेनासें झालें. पुतणीला वाईट वाटलें नाहीं असें म्हणणें खोटें होईल. परतीच्या घाटांत ती फारशी बोलली नाहीं. परंतु पुढें तिच्या चित्रमालिकेंत त्या मोकळ्या जागीं तिनें मुलाच्या हातचें तें पेन्सिलीचें चित्रच घातलें. तें कां घातलें, हें सांगतांना वर्गांत जी चर्चा होते, तितकी दुसऱ्या कोणत्याहि चित्रावर होत नाहीं, असें ती सांगते.

वनस्पतींचें चित्र आणि वनस्पतींची विद्या यांचा संबंध जुना आहे. इ. स. १८४३ पासून इंग्लंडांत ॲना ॲटकिन्स या विदुषीनें समुद्रशेवाळांच्या छायाकृतींचें पुस्तक भागाभागांनीं प्रसिद्ध केलें. तिनें कॅमेरा न वापरतां शेवाळें थेट निळ्या छायाकागदावर ठेवून हें काम केलें. जर्मनींत कार्ल ब्लॉसफेल्ट या शिल्पकलेच्या शिक्षकानें घरीं केलेल्या कॅमेऱ्यानें कळ्या, देंठ व अंकुर यांचीं अनेकपट मोठीं चित्रें काढलीं. त्यांचें पुस्तक १९२८ सालीं निघालें. आपल्या प्रांताच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ पुण्याच्या सायन्स कॉलेजचे एके काळचे प्राचार्य थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केला. आजच्या काळांत श्रीकांत इंगळहळीकर यांच्या सचित्र पुस्तकांनीं सह्याद्रीचीं फुलें सामान्य माणसाच्या ओळखीचीं केलीं. कास पठाराची कीर्ति पसरण्यासहि छायाचित्रांचाच मोठा हातभार लागला, हें विसरून चालणार नाहीं. त्या कीर्तीनें जशी फुलांविषयीं आस्था वाढली, तशी गर्दीहि वाढली. म्हणून ज्याच्या हातीं कॅमेरा आहे त्याची जबाबदारी दुहेरी आहे. दुर्मिळ रोपाचें चित्र अवश्य दाखवावें. तें नेमकें कोठें उभें आहे हें मात्र चारचौघांत सांगूं नये.

ज्या कुटुंबांतील मुलांस ही विद्या शिकावी असें वाटेल, त्यांस प्रथम कासलाच जावयास हवें असें नाहीं. तुळशीच्या मंजिरीपासून आरंभ करावा. परसांतील गोकर्ण, कुंडींतील सदाफुली, कुंपणावरील घाणेरी, हीं सारीं उत्तम गुरु आहेत. आणि तेथें गुडघे टेंकले तरी कोणाचें बी बुडत नाहीं. मोठें भिंग घेण्याचीहि घाई नको. साध्या भिंगावर बसवितां येणारी जवळ पाहण्याची कांच, किंवा भिंग व कॅमेरा यांच्यामध्यें घालावयाचीं पोकळ कडीं, यांवर पुष्कळ काम भागतें. अलीकडच्या पुष्कळ मोबाइलांतहि जवळून पाहण्याची सोय असते. सकाळची वेळ, ढगाळ उजेड, एक पांढरा पंचा, एक मोजपट्टी आणि एक वही एवढ्या सामग्रीवर एक चातुर्मास घालवावा. एकाच झाडाची कळी, फूल, फळ व बी अशीं क्रमानें चित्रें काढावींत. फूल तेवढें पाहून थांबणाऱ्यास वनस्पतीचें अर्धेंच चरित्र कळतें.

इतका अभ्यास झाल्यावर मग पुढल्या भाद्रपदांत कासचा घाट चढावा. जातांना आठवड्याचा सुटीचा दिवस टाळावा, प्रवेशाची व्यवस्था आधींच करावी, पावसाचें कापड व कॅमेऱ्यासाठीं कोरडें फडकें घ्यावें, आणि आंखलेल्या वाटेच्या कडेशीं जें फुलेल तेंच आपल्या वाट्याचें असें समजावें. वाट्यास आलेल्या तेवढ्या फुलांतहि एका जन्मांत पाहून होणार नाहीं इतकें पाहण्यासारखें आहे. पलीकडचीं फुलें बी धरण्याच्या कामांत आहेत. त्यांस तें निवांत करूं द्यावें.